मोठमायच्या घरकुलाचे फोटो

आमच्या गावात जित्या माणसाचा फोटो गुरुजीच्या घरासमोर निघते अन् मेलेल्या माणसाचा त्याच्या सोताच्या घरासमोर. हे कोनी ठरवलं ते मले माहीत नाई. ग्रामसभेत ठराव झाला नाई, कुठी पाटी लावली नाई, पण लहान लेकराले बी विचारा, ते सांगन.

कारण सोपं आहे. गावात रंग दिलेलं घर एकच, रिटायर झालेल्या गुरुजीचं. मोरपंखी भिंत, टाइल्सचा चकचकीत ओटा, अन् लोखंडी गेटावर समोरासमोर दोन मोर. बाकीचं गाव मातीचं, कुडाचं, कवेलूचं, अन् जिथी पडलं तिथी प्लास्टिकच्या पन्नीचं. मंग कोनाची सोयरीक पाहाची असली, बारसं असलं, कोना पोट्ट्यानं नवीन गाडी घेतली, की तोंड धुतलं, पावडर लावली, चालले गुरुजीकडे. गुरुजीची बायको उठून गेट लावून घेते, मोर बराबर दिसाले पाह्यजे म्हणून. एकदा वरोऱ्याकडचे पाहुणे पोरगी पाहाले आले, तं मोबाइलातला फोटो दाखवत दाखवत थेट गुरुजीच्या ओट्यावर जाऊन बसले. गुरुजीनं त्यायले चहा पाजला अन् मंग बोटानं दाखवलं, पोरगी तिकडे त्या बोरीच्या झाडामांगं राह्यते. लग्न झालं तरी. सासरचे अजून विचारतात म्हणे, मोर कोनाचे होते.

मेलेल्या माणसाले गुरुजीकडे चालत जाता येत नाई, अन् गुरुजीची बायको मुडदा ओट्यावर बसू देत नाई. म्हणून त्याले त्याच्याच आंगणात, त्याच्याच दारासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवतात, दुपट्ट्यानं खुर्चीले बांधतात, घरचे आजूबाजूले उभे राह्यतात अन् फोटो काढतात. तोच मंग फ्रेम होऊन भिंतीले लागते. म्हणजे आमच्याकडे माणसाचं खरं घर पाहाचं असन तं त्याच्या मरायची वाट पाहा लागते.

हे सारं मी माह्या मोठमायच्या घरकुलासाठी सांगून राह्यलो. मोठमाय म्हणजे माह्या बापाच्या मोठ्या भावाची बायको. मोठा बाप मरून गंज वर्षं झाली. लेकरूबाळ नाई. लहानपणी तिले पोलिओ झाला, तवापासून उजवा पाय काडीसारखा, बांबूच्या काठीवर टेकत टेकत चालते. तिचं कुडाचं घर आमच्या घराले लागूनच आहे. मागची भिंत बसली ती बसलीच. तिथी आम्ही पन्नी बांधली. पन्नीतून हवा येते, पाणी येते, एकदा तं डुक्कर येऊन चुलीपाशी बसलं होतं. बाजूची भिंत बी पोट काढून उभी आहे, आज पडते का उद्या पडते. माह्या बापानं तिले म्हटलं, आमच्या घरी येऊन राह्य. ती म्हणाली, "ते तुहं घर हाय. माहं हे हाय." भावजय-देराचं त्याच्यावर भांडण बी झालं नाई. तिनं इतकंच म्हटलं अन् चूल पेटवाले बसली.

म्हणून घरकुल. दुसरा रस्ता नव्हता. घरकुल भेटलं तं तिच्या जागेवर तिचं घर. नाई भेटलं तं पुढच्या पावसात भिंत पडन अन् ती आमच्या छपरीत बाज टाकून दुसऱ्याच्या घरची म्हातारी होईन. हे तिले माहीत होतं, आमाले बी माहीत होतं.

एक दिवस ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सांगितलं, घरकुलाचा सर्वे येऊन राह्यला. ज्याले पक्कं घर नाई त्यानं यावं. बुढे, अपंग, विधवा, त्यायले आधी. साहेब मोबाइलात फोटो काढतीन, फोटो निघाला का नाव यादीत गेलं.

झालं. भोंग्यावर "फोटो" म्हटल्याबरोबर आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यायनं पेट्या उघडल्या. साऱ्या गल्लीत डांबरगोळीचा वास. मोठमायनं हिरवं लुगडं काढलं, जे ती लग्नातच नेसते, अन् तेही जवळच्यायच्या. मी म्हटलं, "गाडीवर सोडून देतो ना." म्हणे, "गाडीवर लुगडं चुरगळते." अन् निघाली काठी टेकत. आमच्या घरापासून गुरुजीचं घर म्हणजे गावाचं एक टोक ते दुसरं टोक, अन् मधात ट्रॅक्टरनं केलेले खड्डे. ती तीनदा थांबली, पण बसली नाई. बसलं का लुगड्याले माती लागते.

सर्वेवाला इंजिनिअर माह्याच वयाचा होता. कंत्राटी. तिकडून, पुण्याकडून आलेला. केसाले जेल, डोळ्याले गॉगल, पायात पांढरे फक्क बूट. दर वाक्याच्या आधी "काय आहे ना" म्हणे, जसं काई आमाले काय आहे तेच माहीत नाई. त्यानं गुरुजीच्या गेटापाशी गाडी लावली, आमच्या गल्लीकडे एकदा पाह्यलं, मंग आपल्या बुटाकडे पाह्यलं, अन् शासनाचा निर्णय झाला.

"काय आहे ना, वेळ कमी आहे. सगळ्यांना इथंच बोलवा."

बोलवाचं काय, सारे तिथीच उभे होते लायनीत. हा गडी गुरुजीच्या खुर्चीवर बसला, गुरुजीच्या बायकोनं चहा दिला, अन् एकेक म्हातारा-म्हातारी भिंतीसमोर उभी राह्यली. त्यानं काढले फोटो. चांगले काढले, खोटं कायले सांगू. स्टुडिओवाल्यासारखा होता.

"आजी, थोडं डावीकडे. मोर तुमच्या डोक्यावर येतोय."

मोठमाय डावीकडे सरकली.

आमच्या गल्लीत एक आंधळा बुढा होता, एकटाच राह्यचा. घराचं छप्पर एका बाजूनं जमिनीले टेकलेलं. कोनीतरी त्याले हाताले धरून आणला, तं तो भिंतीकडे तोंड करून उभा राह्यला. खांदे धरून त्याले फिरवला. त्यानं विचारलं, "मोर दिसते का गा?" इंजिनिअर म्हणाला, "दिसतोय बाबा." बुढा खूश झाला.

मी गेटापाशी उभा होतो. म्हटलं, "साहेब, घर पाहाले येत नाई का तुम्ही?"

त्यानं मोबाइलमधून डोकं बी वर केलं नाई. म्हणे, "फोटोत येतंय ना घर."

इतकं शिकून माणूस इतका मठ्ठ राहू शकते हे मले तवा पह्यल्यांदा समजलं. मी काई लय शिकलो नाई, तालुक्याच्या शाळेत गणितात कसाबसा पास होत होतो. पण अपंग म्हातारी गाव ओलांडून तुह्यापर्यंत येते, अन् तुहे दोन धडधाकट पाय तिच्या दारापर्यंत जात नाई, अन् वरून तू सरकारचे डोळे म्हणून आलेला. मी घरी येऊन त्याची नक्कल केली, "काय आहे ना, मोर येतोय." मोठमाय हसली. तिले वाटलं, काम झालं.

यादी लागली तं आमच्या गल्लीतला एकही म्हातारा नाई. साऱ्यायच्या नावासमोर एकच कारण: पक्के घर आहे. ग्रामसेवकाले विचारलं तं तो म्हणे, वर विचारा. वर म्हणजे तालुक्याचं ऑफिस. मी मोठमायले घेऊन काळी-पिवळीनं गेलो. जीपमध्ये तिचा पाय मुडपून बसवा लागते, नाई तं दुसऱ्याच्या पोटात जाते.

ऑफिसात एक बाबू होता, आपल्याच भागातला, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून. खर्रा धरलेला माणूस बोलताना मान वर करते, म्हणून तो आमच्याकडे वरूनच पाहे. त्यानं कॉम्प्युटरवर नाव काढलं अन् एकदम चेहरा फुलला त्याचा.

"बाई, घर तं मस्त हाय तुमचं. गेटावर मोर बी हाय."

"मोर गुरुजीचे हाय," मोठमाय म्हणाली.

"मंग गुरुजीच्या घरी राह्यता?"

"नाई. फोटोले गेली होती."

"फोटोले दुसऱ्याच्या घरी कोन जाते वो?"

"सारं गाव जाते."

त्यानं पुढचा फोटो काढला. तीच भिंत, तोच मोर, आंधळा बुढा. पुढचा फोटो. तीच भिंत, तोच मोर, दुसरी म्हातारी. त्यानं स्क्रीन बाजूच्या टेबलवाल्याकडे फिरवली अन् म्हणे, "पाह्य बे, एका घरात किती म्हातारे. वृद्धाश्रम टाकला का गा गुरुजीनं?" दोघं हसले. मांगचा चपराशी बी हसला, त्याले काई दिसलं नव्हतं तरी.

मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या माणसानंच तिथी खुर्चीत बसून फोटो काढले. त्यानं एकाचं बी घर पाह्यलं नाई."

त्यानं खर्रा कचऱ्याच्या डब्यात थुकला अन् एकदम सरळ झाला. "सिस्टिममध्ये जे नोंदवलं आहे, तेच ग्राह्य धरलं जाईल."

ह्या लोकायची ही एक गंमत आहे. हसतात आपल्या बोलीत, नाई म्हणतात पुस्तकाच्या बोलीत. घरी बायकोवर चिडत असतीन तं कोनत्या बोलीत चिडतात कोन जाणे.

"मंग चला ना गावात," मोठमाय म्हणाली. "डोळ्यानं पाहा. भिंत नाई तिथी भिंत नाईच दिसन."

"आम्ही बघायला येत नसतो, बाई. घर नसल्याचा पुरावा आणा, मग विचार करू."

"जे नाई त्याचा पुरावा कोन देते?"

बाबूनं दुसऱ्या कोनाचं तरी नाव पुकारलं. आम्ही बाजूले झालो. येताना जीपमध्ये तिनं सोताच पाय मुडपून घेतला. मंग घाटाच्या खाली म्हणे, "कसं बी असो, ऑफिसात तं मी गुरुजीच्या घरची मालकीन झाली." मले हसू नाई आलं. तिले बी नाई आलं.

उन्हाळ्यात आंधळा बुढा मेला. काई मोठं झालं नव्हतं त्याले, झोपला अन् उठला नाई. रीतीप्रमाणे त्याले त्याच्या आंगणात खुर्चीत बसवला. जवळचं कोनी नव्हतं म्हणून गल्लीतलेच आम्ही बाजूले उभे राह्यलो. मोबाइल माह्याकडे चांगला, म्हणून फोटो मी काढला. काढल्यावर मोठा करून पाह्यला. ऑफिसले जे पाह्यजे होतं, ते सारं त्या एका फोटोत होतं. लाभार्थी होता. मांगं टेकलेलं छप्पर होतं. छपराले टेकू दिलेली वाकडी थुनी होती, वरचे फुटके कवेलू होते. इतका बराबर फोटो त्या जेलवाल्यानं जन्मात काढला नसता.

मी तो घेऊन बाबूकडे गेलो. मनात होतं, बुढ्याचं तं आता काई नाई, पण निदान बाकीच्यायचं खरं हाय इतकं तरी ह्याले पटन. त्यानं दोन बोटानं फोटो मोठा केला.

"हा असा काऊन बसला?"

"मेलेला आहे."

"अच्छा." त्यानं कॉम्प्युटरवर काई तरी दाबलं. "मंग ह्याचं नाव कमी करा लागन. मयत."

अन् केलं कमी. माह्यासमोर, तेवढ्यात. दाखला नाई मांगला, तलाठ्याकडे धाडलं नाई, उद्या या म्हटलं नाई. माणसाले घर नाई हे मानाले त्याले पुरावा पाह्यजे होता, माणूसच नाई हे त्यानं माह्या मोबाइलवर मानून घेतलं.

त्या दिवशी मी घरी आलो अन् मनात ठरवलं, आता अर्ज नाई कराचा. मले जे येते तेच करतो. मले नकला येतात. शाळेपासून त्यावरच जगून राह्यलो, हेडमास्तर, बसचा कंडक्टर, लग्नातला भटजी, कोनी सुटला नाई. मी एका दोस्ताचे पांढरे बूट मांगले, डोक्याले खोबऱ्याचं तेल चोपडून केस उभे केले, गुरुजीच्या खुर्चीवर बसलो अन् भिंतीसमोर आमची शेळी उभी केली. दोस्तानं व्हिडिओ काढला. "शेळीताई, थोडं डावीकडे. काय आहे ना, मोर तुमच्या शिंगावर येतोय." मांगून कोनी तरी विचारते, साहेब, गोठा पाहाले येत नाई का? अन् मी डोकं वर न करता म्हणतो, "फोटोत येतंय ना घर." शेळीनं बी तवाच लेंड्या टाकल्या. ते मी तिले शिकवलं नव्हतं.

व्हिडिओ फिरला. आमच्या तालुक्यात फिरला, तिकडे अहेरीच्या बाजारात लोकं पाहून राह्यले होते म्हणे, कोरपन्याकडच्या एका सोयऱ्यानं माह्याच बापाले पाठवला, पाह्य गा किती मजेदार हाय म्हणून. इंजिनिअर कोनत्याही गावात गेला तं पोट्टे ओरडत, "फोटोत येतंय ना घर." मले ऑफिसातून फोन आले, डिलीट कर म्हणून. मी म्हटलं, सिस्टिममध्ये जे नोंदवलं आहे तेच ग्राह्य धरलं जाईल. असा थोडाच डिलीट होते तो, तवापर्यंत तो लोकायच्या पोटात गेला होता.

मंग वरून हुकूम आला, आमच्या गावाचा सर्वे परत कराचा. दया आली म्हणून नाई. लोकं हसून राह्यले म्हणून. ह्या लोकायले रडण्यानं काई होत नाई. रडणं त्यायले रोजचं. हसलं का तेवढं लागते.

तोच इंजिनिअर परत आला. ह्या खेपेस गल्लीत आला, घरोघरी गेला. माह्याकडे त्यानं पाह्यलं नाई, मी बी ओळख दाखवली नाई. सर्वात आधी मोठमायच्याच दारात आला, तवा ती चुलीपाशी होती. त्यानं मोबाइल काढला.

"आजी, इथं घरासमोर उभ्या राहा."

"नाई."

"म्हणजे?"

"घराचा काढ. माहा नको काढू."

"काय आहे ना आजी, लाभार्थी दिसायलाच पाहिजे. घर आणि तुम्ही, दोन्ही एका फोटोत."

"नाई म्हटलं ना."

आता मी मधात पडलो. "मोठमाय, असं काऊन करून राह्यली वो? इतका कुटाणा ह्याच्यासाठीच केला ना आपण. आज नाव गेलं नाई तं पुढच्या पावसात भिंत जाईन."

ती माह्याकडे फिरली. मंग म्हणे, "त्या आंधळ्याले खुर्चीत बसवून फोटो तूच काढला ना? ह्याच गल्लीत? मले बी तसंच बसवतो का? जित्तेपनी?"

मले समजलं. इंजिनिअरले नाई समजलं, तं त्याले सांगितलं, आमच्याकडे सोताच्या घरासमोर फोटो मेल्यावर निघते. त्यानं गॉगल डोक्यावर सरकवला अन् समजवाले लागला, "आजी, काय आहे ना, ही अंधश्रद्धा आहे. तुम्ही जुन्या विचारांच्या."

अंधश्रद्धा म्हणे. त्याच गावातलं घर डोळ्यानं न पाहता मोबाइलातली भिंत खरी मानणारा माणूस. ते सारं विज्ञान होतं.

मोठमाय काई त्याच्याशी वाद घालत बसली नाई. तिनं चुलीतली लाकडं मांगं ओढली अन् भात उतरवला. हा गडी घामाघूम. परत गेला तं व्हिडिओवाले सोडणार नाई, वरचे सोडणार नाई. म्हणून तो नरम पडला.

"आजी, हा तसा फोटो नाहीये. नवीन पद्धत आहे. यात डोळे मिचकवावे लागतात. डोळे मिचकवले तरच मोबाइल घेतो."

"काऊन?"

"माणूस जिवंत आहे का ते तपासतो. लोक मेलेल्यांच्या नावावर घरं घेतात ना."

मोठमायनं भाताचं भांडं खाली ठेवलं. "म्हंजे मेलेला असला तं हा फोटो निघतच नाई?"

"नाही निघत."

"आंधळ्याचा निघाला नसता?"

"मेल्यावर नसता निघाला."

"जित्ता असताना निघाला असता. डोळे दिसत नव्हते त्याचे, पन मिचकत होते."

इंजिनिअर मोबाइलची काच पुसत राह्यला. मोठमाय उठली. म्हणे, "काढ. पन खुर्ची नको. अन् घरचे कोनी बाजूले नको उभे राहू. मेल्याच्या बाजूले उभे राह्यतात." माह्या मायनं तिचा हात धरला होता तो तिनं सोडवला. "सरक वो." तुटलेल्या भिंतीकडून ती फिरून समोर आली, अन् काठी बी दूर फेकली. मेलेल्या माणसाले टेकवा लागते, तिले टेका नको होता.

आम्ही सारे आंगणाच्या बाहेर गेलो. ती एका पायावर उभी, दुसरा नुसता जमिनीले लागलेला. इंजिनिअरनं मोबाइल धरला.

"मिचकवा."

तिनं मिचकवले. मोबाइलनं घेतलं नाई. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, अन् पापण्या आधीच खाली आलेल्या. मिचकवलं अन् नाई मिचकवलं सारखंच दिसे.

"आजी, जोरात. पुन्हा."

परत. नाई. उजेड कमी आहे म्हणून त्यानं तिले उन्हात सरकवली. उन्हात डोळे आपोआपच मिटले, तं मोबाइल म्हणे डोळे उघडा. उघडले तं म्हणे चेहरा स्थिर ठेवा. तिचा चांगला पाय थरथरून राह्यला होता, गुडघ्यापासून वर सारं अंग. कपाळावरून घाम डोळ्यात जाये. माह्या मायनं पुढं पाऊल टाकलं तं मोठमाय तोंडातल्या तोंडात म्हणे, "तिथीच राह्य." मी त्या मोबाइलले मनातल्या मनात जितक्या शिव्या येतात तितक्या दिल्या. सरकारनं एक डोळा बनवला, अन् तोही असा, ज्याले आमच्या मोठमायचं जित्तेपन ओळखता येत नाई.

"पुन्हा, आजी. एकदाच."

तिनं दोन्ही डोळे घट्ट मिटले, अन् असे उघडले जसं कोनाले धमकी देऊन राह्यली. मोबाइलमधून टिंग आवाज आला.

ती तिथीच मातीत बसली. लुगड्याचं ह्या खेपेस तिले काई पडलं नव्हतं. मी काठी आणून दिली. तिनं धापा टाकत विचारलं, "काय म्हणते गा तुहा मोबाइल?"

"जिवंत आहात म्हणतो, आजी."

"चाला, सांगितलं तं खरं."

नाव आलं. गल्लीतल्या बाकीच्यायपैकी काईयचं आलं, काईयचं नाई आलं, त्यायचं कारण बाबूले बी सांगता आलं नाई. त्यायच्यासाठी मी अजून चकरा मारून राह्यलो. आंधळ्या बुढ्याच्या जागेवर आता कोनाचंच नाव नाई.

मोठमायचं घर बांधाले घेतलं. ते काई दोन दिवसात झालं नाई, मिस्त्री पळाला, परत आला, विटा आल्या तं रेती नाई, रेती आली तं मिस्त्री लग्नाले. ते सारं सांगत बसलो तं दुसरं पुस्तक होईन. बाजूची पोट काढलेली भिंत मधातच एका दुपारी पडली, तवा ती बाहेर बाजेवर होती. तेवढे महिने ती आमच्या छपरीत राह्यली, पण चूल वेगळीच पेटवे. पाहुणी म्हणून राह्यते म्हणे, अन् पाहुण्यासारखं मायले विचारून पाणी घे. मायले राग येई. घरावर स्लॅब पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी, खालचे बांबू काढाचे बाकी होते तरी, ती त्या बांबूयच्या मधातून वाकून आत जाऊन पाहून आली.

मंग घर झालं. एक खोली, एक चूल, मांगं संडास. दाराले पायऱ्यायच्या ऐवजी तिनं मिस्त्रीकडून उतार करून घेतला. मिस्त्री म्हणे नकाशात नाई. तिनं म्हटलं, "नकाशाले पाय हाय का? मले हाय, दीड." त्यानं केला.

काम पुरं झालं का शेवटचा फोटो लागते. नवं घर अन् समोर लाभार्थी. तो झाल्याशिवाय कागदावर घर पुरं होत नाई, म्हणून इंजिनिअरच फोन करून राह्यला होता, येऊ का, येऊ का. मोठमायनं त्याले दिवस दिला. तो आला तवा दार लोटलेलं होतं.

"आजी, चला. मला अजून दोन गावं करायची आहेत."

आतून आवाज आला, "न्हाऊन राह्यली. बस."

बसाले काई नव्हतं. तो बाहेरच्या रेतीच्या ढिगावर बसला. ऊन तापून राह्यलं होतं. थोड्या वेळानं त्यानं परत आवाज दिला. आतून नुसता तांब्याचा आवाज. त्यानं माह्याकडे पाह्यलं, पह्यल्यांदा सरळ पाह्यलं, म्हणजे मी तिले काई तरी सांगावं. मी भिंतीच्या सावलीत उभा होतो. सावली दोघायपुरती होती, पण मी काई सरकलो नाई.

"किती वेळ लागेल त्यांना?"

म्हटलं, "साहेब, आमच्या गावात आजपर्यंत कोनी जित्ता माणूस सोताच्या घरासमोर फोटोले उभा नाई राह्यला. सर्वेत तुमच्या मोबाइलनं जबरदस्तीनं काढले ते सोडून. आज ती आपल्या मनानं काढून राह्यली. वेळ तं लागनच."

त्यानं घड्याळ पाह्यलं, अन् पाय लांब करून बसला. आतून मोठमाय मले म्हणाली, "पोरा, आरसा नाई गा लावला ह्या घरात. तुह्या मायचा घेऊन ये. सावकाश ये."